स्पॅनिश शिकायची, पण संगणक कुठे आहे?

हातात मोबाईल आला म्हणजे पोरगा 'डिजिटल' झाला, असा सोयीचा समज विद्यापीठांच्या कारभाऱ्यांनी करून घेतला आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर स्पॅनिश घेऊन बी.ए. करता येते. खेड्यापाड्यांतली, वस्त्यांतली मुलेही तिथे पोहोचतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण धडा पडद्यावर गेला की त्यांचे काय होते?

2020 च्या टाळेबंदीत ते उघडे पडले. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आधीच सांगून ठेवले होते की, ग्रामीण भागात अवघ्या 4.4 टक्के घरांत संगणक आहे. तो चालवता येणारे तिथे शंभरात दहाही नव्हते. तरी फर्मान निघाले, वर्ग ऑनलाइन भरवा!

इतिहासाची टिपणे उशिरा वाचली तरी चालते. भाषा मात्र कानाने आणि तोंडाने शिकावी लागते. रेंज तुटली की उच्चारच तुटतो. लिहिण्याची तऱ्हा आणखी निराळी. स्पॅनिशमध्ये 'पापा'च्या शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह दिले तर बाप, विसरले तर बटाटा! मोबाईलवर अक्षर दाबून धरले की हे चिन्ह मिळते. संगणकावर स्पॅनिश कळफलक जोडून घ्यावा लागतो. हे मुलांना कोण शिकवणार? 2016 पासून 'सिएले' ही स्पॅनिशची आंतरराष्ट्रीय परीक्षा संगणकावरच होते. उत्तर टाईप करायचे, बोलणे रेकॉर्ड करायचे. ज्याला संगणक मिळालाच नाही, त्याची स्पॅनिशच कच्ची ठरवली जाते.

खुद्द स्पेनचे पाहा. ज्या संगणकावर 'एन्ये' हे आपले अक्षर उमटत नाही तो देशात विकू द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. 1991 मध्ये युरोपीय समुदायाने त्यावर आक्षेप घेतला. स्पेनने 1993 मध्ये कायदा करूनच तो टिकवला. एका अक्षरासाठी! आमच्याकडे अख्खा विद्यार्थी गळतो आणि फाईल हलत नाही.

2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. निकाल केरळचा असला तरी त्यामागचे संविधानाचे कलम 21 देशभर लागू आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. भाषा विभागांनी पहिल्याच सत्रात कळफलक शिकवावा, संगणक कक्ष रात्रीही उघडा ठेवावा आणि धड्यांचे रेकॉर्डिंग मुलांना उतरवून घेऊ द्यावे. निधी नाही, हे उत्तर आम्ही लेखी मागणार आहोत.