ईजिप्तमधील यॉट पर्यटन

ईजिप्तच्या भूमध्य व तांबड्या समुद्रांच्या किनाऱ्यांलगत खासगी शिडाच्या वा एंजिनाच्या यॉटमधून केला जाणारा प्रवास. भूमध्य समुद्राकडील नाईलच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा सखल व उथळ असल्याने यॉटचालकांचा ओढा मुख्यतः तांबड्या समुद्राकडे असतो.

तांबड्या समुद्राच्या या किनाऱ्यावर वाळवंटाचा प्रभाव सर्वत्र दिसतो. पाऊस अत्यल्प असून समुद्रास एकही बारमाही नदी मिळत नाही. त्यामुळे गाळ येत नाही, पाणी स्वच्छ राहते व प्रवाळांची वाढ जोमाने होते. प्रवाळभित्ती बहुधा खोल पाण्यातून एकाएकी वर आलेल्या असतात. म्हणून केवळ पाण्याची खोली मोजून धोक्याची पूर्वसूचना मिळत नाही. मात्र जेथे वादी (कोरड्या नदीचे पात्र) समुद्रास मिळते, तेथे प्रवाळभित्तीत खंड पडलेला आढळतो. हिमयुगात समुद्रपातळी खाली असताना वाद्यांनी कोरलेल्या दऱ्या पुढे पाण्याखाली गेल्या व त्यांच्या चिंचोळ्या खाड्या बनल्या. त्यांना अरबी भाषेत ‘शर्म’ आणि नांगर टाकण्याच्या जागेस ‘मर्सा’ म्हणतात. शर्म एल्-शेख व मर्सा आलम या स्थलनामांत हेच शब्द आहेत. यॉटला रात्रीचा निवारा येथेच मिळतो.

या भागात वर्षभर वायव्य-उत्तरेकडून वारे वाहतात. त्यामुळे सुएझकडे जाणाऱ्या यॉटला समोरचा वारा व आखूड, उंच लाटा यांना तोंड द्यावे लागते. वारा पहाटे मंदावतो, म्हणून तेव्हा निघणे सोयीचे असते. परंतु पाण्याखालील प्रवाळ दिसण्यासाठी सूर्य बराच वर व पाठीमागे असावा लागतो. या दोहोंचा मेळ घालण्यातच चालकाचे कौशल्य असते. धुळीने धूसर झालेल्या हवेत किनारा दिसेनासा होतो. सुएझच्या आखातात तेलविहिरींचे मनोरे व मोठ्या जहाजांची वर्दळ यांची भर पडते.

आखाताच्या मुखाजवळील अबू नुहास हा खडक अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. सुएझहून मुंबईस निघालेली ‘कर्नाटिक’ ही ब्रिटिश आगबोट सप्टेंबर १८६९ मध्ये त्यावर आदळली. ती तरून जाईल या समजुतीने प्रवाशांना उतरविण्यास विलंब झाला. अखेर बोट दुभंगून ३१ जण मृत्युमुखी पडले. पुढे १८८३ मध्ये दक्षिणेकडील ‘ब्रदर्स’ बेटावर दीपगृह उभारण्यात आले.

परदेशी यॉटला अधिकृत प्रवेशबंदरात पारपत्र, जकात व आरोग्यविषयक तपासणी करून घ्यावी लागते. सुमारे १९३ किमी. लांबीचा सुएझ कालवा वाटाड्या घेऊनच ओलांडता येतो. यॉट सामान्यतः इस्माइलिया येथे रात्री मुक्काम करतात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनजवळ व्यापारी जहाजांवर झालेल्या हल्ल्यांमुळे हिंदी महासागरातून येणारा मार्ग धोक्याचा ठरला.

यॉटच्या नांगरांनी प्रवाळ मोडतात व ते पुन्हा वाढण्यास दीर्घ काळ लागतो. सिनाईच्या दक्षिण टोकाचे रास मुहम्मद क्षेत्र १९८३ मध्ये संरक्षित करण्यात आले. हुरघाडा परिसरात पर्यावरणवादी संस्थेने १९९० नंतर स्थिर तरंगबोयांची सोय केली. नांगर न टाकता नौका त्यांना बांधता येतात.