गणवेश कुणाच्या मापाचा?

लंडनच्या सॅव्हिल रो भागात ॲबरक्रॉम्बी अँड फिच या अमेरिकी कंपनीचं कपड्यांचं दुकान होतं. २००८च्या उन्हाळ्यात कायदा शिकणारी एक तरुणी तिथे कामाला लागली. डावा हात तिला जन्मापासून कोपराखाली नव्हता. ती कृत्रिम हात वापरायची. त्याचा जोड झाकण्यासाठी गणवेशावर कार्डिगन घालायची परवानगी तिला मिळाली होती. काही दिवसांतच तिला सांगण्यात आलं, की कार्डिगन कंपनीच्या ‘लुक पॉलिसी’त बसत नाही, हिवाळी गणवेश येईपर्यंत तिने मागे गोदामात काम करावं.

२००९ साली लंडनच्या रोजगार न्यायाधिकरणाने तिचा बेकायदा छळ झाल्याचा निर्णय दिला. मनस्तापापोटी ७,८०० पौंड आणि बुडालेल्या पगाराची भरपाई तिला मिळाली. त्या कार्डिगनमुळे दुकानाचा एक शर्टही कमी खपला नसता. गिऱ्हाइकांसमोर उभं राहण्याचा तिचा हक्क मात्र हिरावला गेला, आणि मला तेच सर्वांत क्रूर वाटतं.

ब्रिटनमध्ये आता २०१०चा समानता कायदा आहे. एखाद्या नियमामुळे अपंग कर्मचाऱ्याची इतरांपेक्षा बरीच जास्त अडचण होत असेल, तर ती दूर करण्यासाठी मालकाने वाजवी ते सगळं करायला हवं, आणि त्याचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. गणवेशाचा नियमही यातून सुटत नाही. सुरक्षेचं काय, असा प्रश्न मालक विचारतात आणि तो रास्त आहे. यंत्राजवळ सैल कपडे नकोत, बांधकामावर हेल्मेट हवंच. पण तिथेही, एखाद्याच्या पायात व्यंग असेल तर आधी त्या पायाच्या मापाचे सेफ्टी शूज बनवता येतील का, हे पाहायचं. नियम कशासाठी केला ते एकदा स्पष्ट झालं, की सवलत कुठे देता येईल हे बहुतेक वेळा आपोआप दिसतं.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही त्यात येतात. रोग गेला तरी अनेकांच्या पावलांची संवेदना परत येत नाही. कडक चामड्याचा बूट चावतो आणि कळत नाही. जखम चिघळल्यावर कळतं. म्हणून दवाखान्यातून मऊ तळव्याच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला मिळतात. अशा सुरक्षारक्षकाला ‘काळे बूट नसतील तर ड्यूटी नाही’ असं सांगणं म्हणजे पाय आणि पोट यांतलं एक निवडायला लावणं. भाजल्याच्या व्रणांवर टेरिकॉटचा शर्ट किंवा आखडलेल्या बोटांना बारीक बटणं हाही तसाच जाच.

वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव, असं या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतल्या लेखनिकाच्या प्रकरणात सांगितलं, की सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवावी लागते. एक उणीव मात्र मला खटकते. नोकरीत अशी सोय देण्याचं थेट बंधन कायद्याने सरकारी आस्थापनांवर घातलं. खासगी मालकांसाठी भाषा तेवढी रोखठोक नाही. तरी समान संधी धोरण त्यांनाही जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर सुविधांचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही त्यात हवी. त्या धोरणात गणवेशाबद्दल दोन ओळी घालायला पैसा लागत नाही.

तेव्हा मागणी लेखी द्यावी, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी, पोच घ्यावी. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली, तर संबंधितांना तीन महिन्यांच्या आत कारवाई कळवावी लागते आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं द्यावी लागतात.