पाऱ्याचा करार, सोन्याची पळवाट

शिनोबू साकामोतो 1956 मध्ये जन्मल्या त्या पाऱ्याची बाधा घेऊनच. जपानच्या क्युशू बेटावरचे मिनामाता हे त्यांचे गाव. आईने खाल्लेल्या मासळीतले विष पोटातल्या बाळात उतरले होते. 1972 मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली, तेव्हा पंधरा वर्षांची ही मुलगी आपली अवस्था जगाला दाखवायला तिथे गेली. पुढे पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला आणि 2017 मध्ये जिनिव्हात त्याची पहिली बैठक झाली. त्या बैठकीला साकामोतो आल्या, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

ही बाधा आली कुठून, याचे उत्तर मिनामाताच्या चिस्सो कारखान्यात आहे. तिथे 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरत. त्यातून मिथाइल पारा तयार होई आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. आधी गावातली मांजरे झटके येऊन गरगर फिरू लागली, मग माणसांचे हातपाय वाकडे झाले. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी रोगाची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. 1959 मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात कालवून पाहिले. नोंदवहीतले ते 400 क्रमांकाचे मांजर. त्यालाही तेच झटके आले. कंपनीने हा निष्कर्ष दाबला आणि आणखी नऊ वर्षे पारा समुद्रात जात राहिला. 1968 मध्ये ती प्रक्रिया बंद झाली आणि त्यानंतरच सरकारने दोष कारखान्याचा असल्याचे मान्य केले. 1970 मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी त्या मांजराची हकिगत न्यायालयासाठी साक्षीत सांगितली.

10 ऑक्टोबर 2013 रोजी कुमामोतोत स्वीकारलेल्या कराराला मिनामाताचेच नाव दिले आहे. पाऱ्याच्या नव्या खाणी बंद, थर्मामीटर आणि बॅटऱ्यांतला पारा टप्प्याटप्प्याने बाद, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतला पारा थांबवायला 2025 ची मुदत. आपल्याकडे कल्याणच्या खालच्या अंगाला उल्हास खाडीच्या गाळात अशाच कारखान्यांचा पारा सापडला आहे, त्यामुळे हे कलम आपल्याला परके नाही. भारताने 2018 मध्ये कराराला मान्यता दिली. मिनामाताला ज्या प्रक्रियेने मारले, तिला करारात 2018 ही मुदत होती. म्हणजे चिस्सोने ती थांबवल्यावर तब्बल 50 वर्षांनी!

तरीही माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा, एक तृतीयांशाहून अधिक, आज छोट्या सोन्याच्या खाणींतून येतो. पेरू, घाना, इंडोनेशियातला मजूर सोने मिसळलेल्या चिखलात पारा ओतून हातानेच कालवतो. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. फडक्यातून पिळल्यावर राखाडी गोळा उरतो, तो पत्र्याच्या थाळीत ज्योतीवर तापवला की पारा उडून जातो आणि सोने मागे राहते. ती वाफ मजुराच्या, शेजारच्या बायकापोरांच्या छातीत शिरते. नदीत गेलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो मासळीतून परत ताटात येतो.

या खाणींबाबत करार नुसता ‘कमी करा, शक्य तिथे बंद करा’ असे म्हणतो. देशांनी कृती आराखडा करायचा, पण शेवटची तारीख नाही. बंदी घातली तर धंदा चोरून चालेल आणि लाखो कुटुंबांची चूल विझेल, हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. पण पाऱ्याशिवाय सोने वेगळे करणारी हलती टेबले आहेत, वाफ अडवून पारा परत मिळवणारी बंद भांडीही आहेत. ती मजुराला परवडतील असा पैसा उभा करणे आणि त्याचबरोबर तारीख ठरवणे, ही दोन्ही कामे एकत्रच व्हायला हवीत.

आणि ती तारीख मागण्याचा पहिला हक्क सोने विकत घेणाऱ्यांचा आहे. पेरू, घाना, बोलिव्हियातून कच्चे सोने भारतात येते, इथे शुद्ध होते आणि धनत्रयोदशीला दुकानात मांडले जाते. एकदा वितळले की ते कुठल्या खाणीतले, हे गिऱ्हाईकच काय, सराफही सांगू शकत नाही. तारीख ठरवणे करारात अशक्य नाही: दातांत भरण्याच्या पारामिश्रित चांदीचा वापर 2034 पर्यंत थांबवायचे नोव्हेंबर 2025 मध्ये जिनिव्हात कराराच्या बैठकीत ठरले. खाणींतल्या पाऱ्यासाठी मात्र तिथेही तारीख ठरली नाही.