तळकर इस्रायलात, आपण मुंबईत: गाव सुटल्यावर समाज कशावर टिकतो?



तळा तालुक्यातल्या बहुतेक बौद्धवाड्यांत वर्षातले दहा-अकरा महिने म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दारांना लावलेली कुलपे दिसतात. बाकीचा समाज मुंबई, ठाणे, पनवेल, पुण्यात आहे, काही जण आखातात. गावाची एक शाखा गावात, दुसरी मुंबईत. दोघींच्या मध्ये व्हॉट्सॲपचा ग्रुप. जयंतीची वर्गणी, जलदान विधीची पत्रिका, कोण आजारी, कोण पास झाले, सगळे त्यावरच कळते. मग आमची तरुण मुले-मुली विचारतात, ग्रुपवर सगळे होतेच आहे, तर सभेला आणि वंदनेला यायचे कशाला?

प्रश्न खोडसाळ नाही. मोबाइलवर समाज टिकतो का, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. याच किनाऱ्यावरून, याच गावांतून आपल्याआधी एक समाज उठून गेला. त्याचे काय झाले, ते पाहू.

तो समाज म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ही कथा इतिहास म्हणून कितपत टिकते, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मात्र शेकडो वर्षे ही माणसे रायगडच्या गावागावांत तेल गाळत होती आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होती. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर आणि आपल्या तळ्याचे तळकर. अशी ‘कर’ आडनावे शंभरावर आहेत. म्हणजे आज इस्रायलमध्ये एखादा तळकर भेटला, तर त्याच्या नावात आपला तालुका आहे.

पुढे हे लोक आपल्यासारखेच मुंबईला गेले. इंग्रजांच्या फौजेत, कचेऱ्यांत, रेल्वेत, गिरण्यांत कामाला लागले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या फौजेतल्या माणसाने १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर उभे केले. मग शाळा आली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली, किहीमकर गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. लिहून ठेवला म्हणून छापता आला.

मुंबईत स्थिरावल्यावर त्यांनी गाव सोडून दिले नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग १८४८ चे, आणि १९१० साली ते पुन्हा नव्याने बांधले. रेवदंडा, पनवेल, पेण, म्हसळा इथेही प्रार्थनाघरे उभी राहिली. आपल्या गावातल्या विहाराच्या पाटीवर मुंबईकरांची देणगीदार म्हणून नावे असतात, तोच प्रकार.

१९४८ नंतर मात्र हा समाज हजारोंनी इस्रायलला गेला. (इस्रायल सरकारच्या धोरणांबद्दल आमची मते वेगळी आहेत. इथे विषय गावातून उठून गेलेल्या माणसांचा आहे.) भारतात त्यांचा छळ झाला म्हणून ते गेले नाहीत, हे ते स्वतःच सांगत आले आहेत. आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, म्हणजे बहुसंख्य निघून गेल्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसे लागतात. याला मिन्यान म्हणतात. परंपरेने ती दहा माणसे पुरुषच असावी लागतात. नऊ आले तर काही महत्त्वाच्या प्रार्थना म्हणताच येत नाहीत. गेलेल्या माणसासाठी मुलाने म्हणायची प्रार्थनासुद्धा दहा जणांशिवाय होत नाही. रायगडच्या गावांत सिनेगॉगच्या भिंती शाबूत राहिल्या, पण दहा माणसे जमणे अवघड झाले. सणाला मुंबईहून मंडळी आली तरच प्रार्थना पूर्ण होते.

२०२० साली कोरोनात जगभरची सिनेगॉग बंद झाली तेव्हा प्रश्न उभा राहिला: दहा माणसे पडद्यावर दिसत असतील तर ती मोजायची का? सनातनी धर्मगुरूंपैकी बहुतेकांनी सांगितले की नाही, दहा जण एका जागी हवेत. मध्यममार्गी पंथाच्या धर्मगुरूंनी संकटापुरती सवलत दिली. व्याख्यान, वर्ग, गाणी, चौकशी यांना कोणाचाच विरोध नव्हता. ऑनलाइन काय चालते आणि काय चालत नाही, याची रेषा त्यांनी वाद घालून आखली. आपल्याकडे असा वाद अजून झालेला नाही. तो व्हावा असे आम्हाला वाटते. आपण सगळे काही एकाच ग्रुपवर ओततो, आणि त्रिसरणाची ध्वनिफीत पुढे पाठवली की वंदना झाली असे धरून चालतो.

इस्रायलला गेलेल्यांनी सोबत काय नेले? मराठी नेली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवले. नोहा मस्सील यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. मलिदा नेला. गोड पोहे, नारळ आणि फळे ठेवून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा हा विधी खास कोकणी ज्यूंचा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच संदेष्ट्याचे स्थान आहे. तिकडून आलेली कुटुंबे आधी तिथे जातात आणि मग आडनावातले गाव शोधायला निघतात. कीर्तनही नेले. एकोणिसाव्या शतकात या लोकांनी बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली होती.

तिकडे जन्मलेली नातवंडे हिब्रू बोलतात. मराठी कळते ती आजीपुरती. ही पिढी इंटरनेटवर जोडली जाते तेव्हा तिथे चालते ते आजीची पाककृती, जुनी गाणी, लग्नाचे फोटो आणि ‘आमचे गाव नेमके कुठे?’ ही विचारणा. ती विचारणा करता येते, कारण विचारायला काहीतरी उरले आहे. आडनाव आहे, विधी आहे, किहीमकरांचे पुस्तक आहे, अलिबागला उघडणारे एक दार आहे. त्यातले काहीच नसते तर ग्रुपवर नुसत्या शुभेच्छा उरल्या असत्या.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इस्रायलमध्ये पोहोचल्यावर याच लोकांच्या ज्यू असण्यावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. १९६२ साली हुकूम निघाला की बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. म्हणजे शेकडो वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना आता वंशावळ दाखवायची होती. जन्माचा दाखला मागणारी व्यवस्था काय असते हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे ठणकावल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. तेव्हा मोबाइल नव्हता. नव्या गावांत विखुरलेली माणसे एकत्र आली, कारण ती आधीपासून एकमेकांच्या लग्नाकार्यात आणि प्रार्थनाघरात भेटत होती.

हे फक्त ज्यूंचेच आहे असे नाही. मुंबईत फोर्ट भागात आर्मेनियन लोकांचे सेंट पीटर चर्च आहे. तेही १७९६ चेच, दिवेकरांच्या सिनेगॉगच्या वर्षीचे. त्यांच्या भाषेतले जगातले पहिले नियतकालिक ‘अझदरार’ हे आर्मेनियात निघाले नाही. ते निघाले मद्रासमध्ये, १७९४ साली, आणि काढले एका धर्मगुरूने. १९१५ च्या नरसंहारानंतर हा समाज जगभर फेकला गेला. आज आर्मेनियाबाहेरचे आर्मेनियन आतल्यांपेक्षा जास्त आहेत. त्यांच्या चर्चमधली उपासना जुन्या आर्मेनियन भाषेत चालते. ती परदेशातल्या तरुणांना कळत नाही, म्हणून भाषेचे ऑनलाइन वर्ग चालतात. इथे इंटरनेट खरोखर कामाला येते. लॉस एंजेलिसमधली मुलगी आणि बैरुतमधला मुलगा एकाच वर्गात बसून अक्षरे गिरवू शकतात.

आपली अडचण वेगळी नाही. वंदना पाली भाषेत आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिका पाली आणि मराठीत दिली ती अर्थ कळावा म्हणूनच. पण मुंबईत इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना पाली अवघड आणि मराठीही अर्धीच. अर्थ शिकवायला मोबाइल उत्तम आहे. आठवड्याला एक गाथा आणि तिचा अर्थ, गावातल्या एखाद्या ताईच्या आवाजात, एवढे तर ग्रुपवर सहज होईल.

दुसरे काम नोंदीचे, आणि ते तातडीचे आहे. आपल्या तालुक्यात मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे, त्यांचे व्यवसाय, कोणाची मुले, हे सगळे कोरलेले आहे. त्यात वैद्य आहे, लेखक आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्षुणी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा व्यवसाय आपण सांगू शकतो. पण गावचे विहार कोणाच्या जागेवर झाले, चिरे कोणी वाहिले, हे मात्र दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहे. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दादरला भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखोंना दीक्षा दिली. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. आजी-आजोबांजवळ बसून मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. गाव, साल, नावे विचारा. मग ते वहीत उतरवा आणि वही विहारात ठेवा, कारण मोबाइल बदलतो आणि त्यातले जाते.

तिसरे, या वर्षावासात करून पाहण्यासारखे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. मुंबईकरांनी ते व्हिडिओ कॉलवर ऐकावे, पण ज्यूंच्या दहाचा नियम आपल्यापुरता बदलून घ्यावा: गावच्या विहारात निदान पाच माणसे प्रत्यक्ष बसली असतील तरच कॉल लावायचा. बाया, पुरुष, शाळकरी पोरे, सगळी मोजायची. पाच जमली नाहीत तर मुंबईतल्या त्या गावच्या पोरांनी पुढच्या रविवारी एसटी धरायची.

सुरुवातीला प्रत्येक गावाने आपल्या ग्रुपवर फक्त एवढेच लिहावे: विहाराची चावी सध्या कोणाकडे आहे, आणि ती व्यक्ती गावात नसेल तेव्हा कोणाकडे असते.