मोज्यावर मोजा का नको?

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला जाताना अनेक जण बुटात दोन-तीन जोड मोजे कोंबतात. जितके मोजे तितकी ऊब, हा समज स्वाभाविक आहे. पण मोजा ऊब तयार करत नाही. ती रक्ताबरोबर येते. मोज्याचे काम उष्णतारोधन (असलेली ऊब बाहेर जाऊ न देणे) एवढेच, आणि तेही मुख्यतः धाग्यांत अडकलेली हवा करते. नवी पिंजलेली रजई उबदार असते, दबून चपटी झालेली नसते. कापूस मात्र तेवढाच. घट्ट बुटात मोज्यांचे हेच होते. शिवाय थंडीने आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, तो वेगळाच.

एकच जाड लोकरी मोजा आणि बोटे मोकळी हलतील असा बूट पुरेसा. सुती मोजा टाळावा. तो घामाने भिजून ओलाच राहतो, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. मुक्कामी पोचताच कोरडा जोड चढवावा, आळस आला तरी.

बोटे बधिर आणि पांढुरकी पडली, तर हिमदंशाची (थंडीने ऊती गोठण्याची) शंका घ्यावी. अशी बोटे चोळू नयेत, शेकोटीजवळही नेऊ नयेत. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही.