तळणीच्या तेलाचा हिशेब

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडूजमध्ये कचेरीच्या किंवा बाजाराच्या कामासाठी आलेला मनुष्य भूक लागली म्हणजे भज्यांच्या ज्या कढईपुढे उभा राहतो, त्या कढईतील उरल्या तेलाचे पुढे काय होते, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

तेल वारंवार तापविले असता उष्णता, हवा आणि पदार्थांतील पाणी यांच्या योगाने त्याचे विघटन होऊन त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरविली. पुढे १ मार्च २०१९ पासून, जेथे तळणासाठी रोज ५० लिटरांहून अधिक तेल लागते, तेथील व्यावसायिकाने त्याची नोंदवही ठेवावी आणि निकामी तेल अधिकृत संकलकाच्याच हवाली करावे, असा दंडक झाला. अशा निकामी तेलावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया केली की जैवडिझेल आणि ग्लिसरीन मिळते. एरवी तेच तेल गटारे तुंबविते किंवा स्वस्तात विकले जाऊन पुन्हा ताटात येते.

छोट्या हातगाडीवर इतके तेल लागत नाही, त्यामुळे नोंदवहीच्या नियमातून ती सुटते. पंचवीस टक्क्यांची मर्यादा मात्र तिलाही बंधनकारक आहे. यास्तव वडूजच्या नगरपंचायतीने बाजारपेठेत संकलनाचे पिंप ठेवून अधिकृत संकलकाशी करार करावा, आणि काळवंडलेले, फेसाळ तेल दिसताच ग्राहकांनी अन्न व औषध प्रशासनाकडे निःसंकोच तक्रार नोंदवावी.