अर्धचौकटी कॅमेरा आणि पोथीचे पान

धुळे येथे इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आणि रामदासी हस्तलिखितांचा संग्रह जपणारे समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांमुळे खानदेशाला जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासाची परंपरा लाभली आहे. अशा कागदांची छायाचित्रे घेताना अभ्यासकापुढे दोन गोष्टी असतात: फिल्मचा खर्च आणि अक्षराची सुवाच्यता. या दोहोंचा मेळ अर्धचौकटी कॅमेऱ्याने कितपत साधतो, हे पाहण्याजोगे आहे.

३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मूळची चलच्चित्रपटाची. तेथे ती उभी सरकते आणि प्रत्येक चित्र १८ × २४ मिलिमीटरचे असते. ओस्कार बार्नाक याने तीच फिल्म आडवी सरकवून चौकट दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरची केली. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हे माप रूढ केले. अर्धचौकटी कॅमेऱ्यात फिल्म आडवीच सरकते, परंतु एका वेळी आठ छिद्रांऐवजी चारच छिद्रे पुढे जाते. त्यामुळे ३६ चित्रांच्या रोलवर ७२ चित्रे येतात. कॅमेरा नेहमीसारखा आडवा धरला असता चित्र मात्र उभे मिळते.

या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली ती जपानच्या ओलिंपस पेन या कॅमेऱ्याने. योशिहिसा माइतानी यांनी रचलेला हा कॅमेरा १९५९ साली निघाला. सुमारे ६००० येनमध्ये बसेल असा कॅमेरा तयार करणे हे उद्दिष्ट होते. तथापि काटकसर भिंगात केली नाही. चार काचांचे २८ मिलिमीटरचे भिंग ठेवून फिल्म सरकविण्याची यंत्रणा अंगठ्याने फिरवावयाच्या दातेरी चाकापुरती साधी केली. १९६१ च्या पेन-ईई मध्ये भिंगाभोवती सेलेनियमचा प्रकाशमापक आला. त्यास बॅटरी लागत नाही. प्रकाश अपुरा असल्यास दर्शकात लाल खूण वर येते आणि कळ दबत नाही. १९६३ च्या पेन-एफ मध्ये दृश्य प्रत्यक्ष भिंगातूनच पाहण्याची सोय झाली.

आता पोथीकडे वळू. पान ३० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच आहे आणि त्यावरील अनुस्वाराचा टिंब अर्ध्या मिलिमीटरचा आहे, असे धरू. पूर्ण चौकटीत सबंध पान घेतले तर टिंब फिल्मवर ०.०६ मिलिमीटरचा उमटतो. अर्धचौकटी कॅमेरा उभा फिरवून तेच पान घेतले तर तो ०.०४ मिलिमीटरचा होतो. हा फरक क्षुल्लक नव्हे. जुन्या लेखनात ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन, तर ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन. टिंब फिल्मच्या कणांत हरवला की लिंग व वचन दोन्ही बदलतात, आणि मूळ पान पुढे जीर्ण झाले तर चूक दुरुस्त करण्यास आधारच उरत नाही.

यावरून अर्धचौकट त्याज्य ठरते काय? तसे नाही. पूर्ण चौकटीत हे लांबट पान केवळ ३६ × १२ मिलिमीटर जागा व्यापते. निम्मी फिल्म कोरी जाते. उलट, मध्यभागी थोडा मजकूर दोन्हींकडे येईल अशा बेताने पानाचे १६-१६ सेंटिमीटरचे दोन भाग अर्धचौकटीत घेतले, तर टिंब ०.०७५ मिलिमीटरचा होतो. फिल्म तेवढीच लागते, चित्र मात्र अधिक स्पष्ट मिळते. अर्थात ७२ चित्रांत ७२ पृष्ठे न मावता ३६ च मावतात. म्हणजे पोथीच्या बाबतीत अर्धचौकटीचा खरा लाभ काटकसरीत नसून तिच्या आकारात आहे.

यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. इतक्या जवळून टिपताना साध्या पेनला पूरक भिंग जोडावे लागते. शिवाय तिचा दर्शक भिंगाच्या बाजूस असल्याने दिसते ती चौकट आणि उमटते ती चौकट यांत अंतर पडते. ठरावीक अंतरावर कायम बसविलेल्या भिंगाचा पेन-ईई या कामास उपयोगी नाही. पेन-एफ सर्वांत सोयीचा. कॅमेरा घडवंचीवर पक्का असावा, पान सपाट असावे आणि प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा यावा. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) मेजावर वस्तू मांडून करावयाच्या छायाचित्रणासाठी प्रसिद्ध होते. पोथीचे पान टिपणे हेही तसे मेजावरचेच, मांडणीचे आणि धीराचे काम होय.

२०२४ साली पेंटॅक्स १७ हा नवा अर्धचौकटी कॅमेरा निघाला, यावरून या मापाचे आकर्षण संपलेले नाही हे दिसते. अभ्यासकाने मात्र रोलवर किती चित्रे मावतात हे मोजण्यापूर्वी, सर्वांत लहान टिंब किती मोठा उमटतो हे मोजावे.